बेगमी माठातली आणि मोबाइलमधली

कोकणातल्या गृहिणीला ‘बेगमी’ हा शब्द कुणी शिकवावा लागत नाही. वैशाखाचं ऊन तापलं की आंबोशी, आमसुलं, फणसाची साटं, सांडगी मिरची, पापड, कुळीथ, सुकी मासळी, लाकूडफाटा अशी पावसाळ्याच्या चार महिन्यांची तरतूद सुरू होते. हे सगळं करताना मनात चार प्रश्न आपोआप येतात. घरात माणसं किती, म्हणजे लागेल किती? ठेवायचं कुठे, म्हणजे ओल लागणार नाही? मधून मधून उघडून ऊन कोण देणार? आणि मी चार दिवस माहेरी गेले, तर डबा कुठे आहे हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक आहे का?

हल्ली आपल्या घरात दोन नव्या साठवणी आल्या आहेत. एक म्हणजे मोबाइलमधले फोटो आणि कागदपत्रं ठेवायची ‘क्लाउड’ची जागा, आणि दुसरी पिण्याच्या पाण्याची नवी सोय : शुद्धीकरणाचं यंत्र, वीस लिटरचा जार, तऱ्हेतऱ्हेच्या बाटल्या आणि ताकद देणारी म्हणून विकली जाणारी पेयं. दोन्हींसाठी दरमहा पैसे जातात. पण गंमत अशी की, पापडाच्या डाळीची पारख करताना दुकानदाराला चार प्रश्न विचारणाऱ्या आपण, इथे मात्र गप्प बसतो. फोनचं मुलावर सोपवतो आणि पाण्याचं दारावर आलेल्या विक्रेत्यावर! खरं तर आपले जुने चार प्रश्न इथेही तसेच्या तसे लागू पडतात. कसे, ते पाहू या.

बावीस जुलैचा धडा

आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूण शहरात शिरलं. २६ जुलै २००५ चा पूर ज्यांनी पाहिला होता त्यांनाही हा पूर भारी वाटला. बाजारपेठेतले तळमजले बुडाले. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरासारख्या जुन्या ग्रंथालयातली पुस्तकं भिजली, तिथे घरातल्या लोखंडी कपाटांची काय कथा!

पाणी ओसरल्यावर घराघरात चिखल उपसणं सुरू झालं, तेव्हा एकदम दोन गोष्टी ध्यानात आल्या. चोहीकडे पाणीच पाणी, पण प्यायला घोटभर नाही. विहिरी, टाक्या सगळ्यांत पुराचं पाणी गेलेलं, त्यामुळे पिण्याचं पाणी बाहेरून यायची वाट पाहायची. दुसरी गोष्ट, लग्नाचे अल्बम, मुलांचे दाखले, रेशन कार्ड, घराची कागदपत्रं यांचा लगदा झालेला. भांडी घासून पुन्हा वापरता येतात, गाद्या नव्या घेता येतात. पण सासूबाईंचा तरुणपणीचा एकुलता एक फोटो कुठून आणणार?

पूर राहू द्या. आपल्याकडच्या साध्या पावसाळ्यातही बंद कपाटातल्या अल्बमना बुरशी धरतेच की! म्हणून सांगते, क्लाउड काय किंवा पाण्याचं यंत्र काय, ही काही श्रीमंतांची चैन नाही. प्रश्न आहे तो आपल्याला त्यातलं नेमकं काय हवं, याचा.

हा ढग जमिनीवरच आहे

क्लाउड म्हणजे ढग. आपल्या रत्नागिरीच्या माणसाला ढग म्हटलं की मुसळधार पाऊसच आठवणार. हा ढग मात्र आकाशात नाही. मोठमोठ्या इमारतींमध्ये हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात आणि आपले फोटो इंटरनेटवरून तिथे जाऊन राहतात. अशा इमारती नवी मुंबईत ऐरोली, महापे आणि पनवेलच्या बाजूलाही आहेत. ते संगणक थंड ठेवायला वीज लागते, पुष्कळ ठिकाणी पाणीही लागतं. म्हणजे आपण न बघता साठवलेल्या दोनशे ‘शुभ सकाळ’च्या चित्रांवरही कुठे तरी वीज-पाणी खर्च होतच असतं.

याचा फायदा कोणता? फोन पाण्यात पडला, चोरीला गेला, घरात पूर आला, तरी तिथली प्रत शाबूत राहते. तोटा कोणता? जागा दुसऱ्याची, म्हणून नियमही दुसऱ्याचे. भाड्याच्या घरात राहताना करारनामा वाचतो, तसे हे नियमही एकदा वाचायला हवेत.

पंधरा जी.बी.चा डबा

गूगलच्या प्रत्येक खात्याला १५ जी.बी. जागा फुकट मिळते. फोटो, ई-मेल आणि ड्राइव्हमधल्या फायली असं तिन्ही मिळून हे १५ जी.बी. आहेत. पूर्वी थोड्या कमी दर्जाचे फोटो यात मोजले जात नसत, ती सवलत १ जून २०२१ पासून बंद झाली. आता अँड्रॉइड फोनवरच्या व्हॉट्सॲपचा बॅकअपही याच डब्यात जातो. ॲपलच्या फोनला तर फुकटची जागा ५ जी.बी.च असते.

आता हिशोब करू. एक फोटो साधारण तीन ते चार एम.बी.चा धरला, तर १५ जी.बी.त चार हजारांच्या आसपास फोटो मावतात. मात्र एक मिनिटाचा चांगला व्हिडिओ शंभर एम.बी.च्या घरात जातो. भाचीच्या मुंजीचं... नव्हे, भाच्याच्या मुंजीचं तासाभराचं चित्रण केलंत, तर डब्याचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग एका दिवसात संपला! तेव्हा जागा खाणारे फोटो नव्हेत, व्हिडिओ असतात, हे लक्षात ठेवा.

जागा संपत आली की फोनवर सूचना यायला लागतात. त्या वाचून छातीत धस्स होतं आणि आपण घाईने पैसे भरतो. तसं करण्याआधी आधी डबा निवडा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’ म्हणून जागा आहे. तिथे सगळ्यांत मोठे व्हिडिओ वर दिसतात. नको असलेले काढून टाका. आलेलं प्रत्येक चित्र आपोआप उतरवून घेण्याची सोय बंद करा. दर महिन्याच्या एका रविवारी दुपारी अर्धा तास एवढं काम केलं, तर कित्येक घरांना पैसे भरावेच लागणार नाहीत.

एक मात्र सांभाळा. फोनमध्ये जागा करण्यासाठी गूगल फोटोमधून फोटो पुसला, तर तो फोनमधून आणि क्लाउडमधून अशा दोन्हीकडून जातो. बॅकअप झालेला फोटो साठ दिवस कचरापेटीत राहतो, तेवढ्या मुदतीत तो परत आणता येतो. फक्त फोन रिकामा करायचा असेल, तर त्यासाठी ‘फ्री अप स्पेस’ हा वेगळा पर्याय आहे.

इतकं करूनही जागा अपुरी पडली, तर विकत जरूर घ्या. शंभर जी.बी.ला महिन्याला शे-दीडशे रुपयांच्या घरात खर्च येतो आणि वर्षाचे पैसे एकदम भरले तर थोडं स्वस्त पडतं. गूगलची विकतची जागा कुटुंबातल्या आणखी पाच जणांना वाटून वापरता येते. नवऱ्याने वेगळी, मुलीने वेगळी, आपण वेगळी अशी घेण्याचं कारणच नाही. आणि वाटून घेतली म्हणजे एकमेकांचे फोटो दिसतात असंही नाही. फडताळ एक, पण डबे ज्याचे त्याचे.

कागदपत्रांसाठी मात्र पैसे खर्च करायलाच नकोत. केंद्र सरकारचं ‘डिजिलॉकर’ २०१५ सालापासून आहे आणि ते फुकट आहे. आधार, वाहन परवाना, राज्य मंडळाच्या गुणपत्रिका त्यात थेट त्या त्या खात्याकडून येतात आणि अशी आलेली कागदपत्रं कायद्याने मूळ प्रतीसारखीच धरली जातात. आपण स्वतः फोटो काढून चढवलेल्या कागदाला ते मोल नसतं, एवढा फरक ध्यानात घ्या. ए.टी.एम.च्या पिनचा किंवा पासवर्डच्या चिठ्ठीचा फोटो मात्र कुठेच काढून ठेवू नका.

किल्ली कुणाकडे?

आता चौथा प्रश्न, म्हणजे डबा कुठे आहे हे दुसऱ्या कुणाला माहीत आहे का?

पुष्कळ घरांत सगळी खाती यजमानांच्या नंबरवर असतात. बाईला फोटो बघता येतात, पण पासवर्ड माहीत नसतो. नको तो प्रसंग आला, की नंबर काही महिन्यांनी बंद पडतो, त्यावर येणारा ओ.टी.पी. येईनासा होतो आणि वीस वर्षांच्या संसाराचे फोटो कुलूपबंद होतात. शिवाय दोन वर्षं कुणी उघडलंच नाही, तर गूगल ते खातं पुसून टाकू शकतं. हा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आला आहे.

बोलायला अवघड वाटतं, पण विम्याचा वारस लावताना आपण असंच बोलतो ना? गूगलमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ नावाची सोय आहे. ठरावीक महिने खातं वापरलं गेलं नाही, तर त्यातला मजकूर आपण नेमलेल्या माणसाला मिळतो. ॲपलमध्ये याला ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ म्हणतात. एखाद्या संध्याकाळी चहा झाल्यावर दोघांनी बसून एकमेकांची नावं घाला. पाच-दहा मिनिटांचं काम आहे.

आणि एकाच डब्यावर विसंबू नका. शेतकरी बियाण्याचं भात खाण्याच्या भातात मिसळत नाही. तसेच घरातले अगदी निवडक शंभर-दोनशे फोटो फोनमध्ये, क्लाउडवर आणि एका हार्ड डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. तो पेनड्राइव्ह शक्य तर दुसऱ्या गावी, बहिणीकडे ठेवायला द्या. पूर आला तर दोन्ही घरांत एकदम येणार नाही.

पाण्याचं यंत्र घेण्याआधी

आता माठाकडे वळू. पाण्याचं यंत्र विकायला येणारे काही जण एक प्रयोग करून दाखवतात. दोन पेले घेतात. एकात आपल्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या यंत्राचं. दोन्हींत विजेच्या सळ्या बुडवतात. बघता बघता आपल्या पाण्याला तांबूस, घाणेरडा रंग येतो आणि त्यांचं पाणी स्वच्छ राहतं. बघणारी बाई घाबरते आणि हप्त्यावर यंत्र घरी येतं.

खरं काय घडतं? पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, सळीतलं लोखंड सुटतं आणि त्याचा गंज पाण्यात दिसतो. यंत्राच्या पाण्यात क्षारच उरलेले नसतात, म्हणून वीज वाहत नाही. तो रंग सळीचा असतो, आपल्या पाण्याचा नव्हे! आपल्याला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियमही त्या क्षारांतच असतं.

आर.ओ. यंत्राचं मुख्य काम पाण्यातले क्षार काढणं हे आहे. पाण्यातल्या विरघळलेल्या क्षारांना टी.डी.एस. म्हणतात आणि भारतीय मानकाप्रमाणे लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत ते चालतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली याच आकड्याच्या आतल्या पाण्याला आर.ओ. वापरू नये अशी भूमिका घेतली, कारण ही यंत्रं एक लिटर पाणी देताना बहुधा दोन-तीन लिटर वाया घालवतात. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी येतं. जांभ्या दगडातल्या विहिरी काय किंवा धरण काय, आपलं पाणी पावसाचंच, त्यामुळे ते बहुतेक ठिकाणी मऊ असतं. किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ लागतं, त्यांची गोष्ट वेगळी. तिथे आर.ओ.चा उपयोग आहे. पण ज्या जिल्ह्यात एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मे महिन्यांत वाड्या-वाड्यांवर टँकर फिरतात, तिथे गरज नसताना पाणी गटारात सोडणं बरं नव्हे. यंत्र असेलच तर ते वाया जाणारं पाणी बादलीत धरा. लादी पुसायला आणि संडासात टाकायला ते चालतं.

मग घ्यायचं काय? आधी पाणी तपासून घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी प्रयोगशाळा असते, तिथे थोड्या शुल्कात तपासणी होते. बाजारातलं छोटं टी.डी.एस. मीटर क्षार सांगतं, जंतू सांगत नाही, हे विसरू नका. क्षार कमी आणि भीती फक्त जंतूंची असेल, तर साधा गाळणीचा फिल्टर आणि उकळणं पुरतं. पाण्याला खळखळून उकळी आली की एक मिनिट तसंच उकळू द्यावं. यू.व्ही. यंत्र जंतूंसाठी चांगलं, पण त्याला वीज लागते, आणि पावसाळ्यात आपल्याकडे वीज किती वेळ असते हे मी सांगायला नको. यू.एफ. प्रकारचं गाळणयंत्र विजेशिवाय चालतं.

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं, तर तुरटी फिरवून निवळू द्या, दुहेरी फडक्याने गाळा, मगच उकळा. उकळणं शक्य नसेल तर मेडिक्लोर वापरा, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबा. तांब्याच्या भांड्यात जंतू कमी होतात हे खरं, पण म्हणून त्याने उकळण्याचं काम होत नाही. आणि तांब्यात कोकमाचं सरबत, ताक असं आंबट काही कधीही ठेवू नये.

लग्नाकार्याला येणाऱ्या वीस लिटरच्या जारबद्दलही दोन शब्द. झाकण सीलबंद नाही, वर अन्न सुरक्षा परवान्याचा १४ आकडी क्रमांक नाही, तर ते नुसतं गार केलेलं पाणी समजा.

बाटलीतली ताकद

उन्हाळा आला की दुकानात रंगीबेरंगी पेयांची रांग लागते. कुणाच्या वेष्टनावर इलेक्ट्रोलाइट, तर कुणाच्या वेष्टनावर एनर्जी. पुष्कळ वर्षं काही गोड पेयं ‘ओ.आर.एस.’ हे नाव लावून विकली जात. जुलाब झालेल्या मुलाला आई ते पाजायची आणि त्यातल्या जादा साखरेने जुलाब वाढण्याचा धोका असायचा. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध वर्षानुवर्षं चिकाटीने लढा दिला. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांना हे नाव वापरायला मनाई केली. एका डॉक्टर बाईच्या चिकाटीने केवढं काम झालं पाहा!

खरं ओ.आर.एस. औषधाच्या दुकानात पुडीत मिळतं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीच्या साथीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. तेच हे औषध. पुडीवर एक लिटर लिहिलं असेल तर पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, पेल्यात चिमूटभर नको. चोवीस तासांनी उरलेलं टाकून द्या. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात साखर सहा सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा.

रोजच्या उन्हाला तर आपल्या फडताळातच सगळं आहे. पातळ ताक, शहाळं, पन्हं, मीठ घातलेली भाताची पेज. फक्त कोकमाच्या दोन बाटल्यांतला फरक ओळखा. आगळात भरपूर मीठ असतं, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी ते बेतानं घ्यावं. अमृतकोकम साखरेच्या पाकातलं, ते मधुमेह्यांसाठी नाही.

घरची बाई मात्र तहानलेली

इतकं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, पाणी तर आम्ही पितोच. खरंच पितो का? निरोगी माणसाने दिवसाला आठ पेले, म्हणजे साधारण दोन लिटर पाणी प्यावं, असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं मार्गदर्शन आहे. उन्हाळ्यात आणि कष्टाच्या कामात त्याहून जास्त.

मी अर्धवेळ शिकवायला जाते. शाळा सुटताना पाहिलं, तर मुलग्यांच्या बाटल्या रिकाम्या आणि मुलींच्या निम्म्याहून अधिक भरलेल्या असतात. एकदा वर्गात मी विचारलं, तेव्हा एक मुलगी खालमानेनं म्हणाली, “बाई, पाणी प्यायलं तर जावं लागतं.” त्यात सगळं आलं. शिक्षिकाही हेच करतात. माहेरी जाण्याच्या पाच तासांच्या प्रवासात आपणही हेच करतो. स्वच्छतागृह स्वच्छ नसतं, कडी लागत नसते, म्हणून पाणीच प्यायचं नाही! मग लघवीची जळजळ, संसर्ग, मूतखडे, आणि ‘डोकं का दुखतं कळत नाही’ ही तक्रार. मुंबईत २०११ साली बायकांनी याच प्रश्नावर ‘राईट टू पी’ नावाची चळवळ सुरू केली, ती काही उगाच नाही.

तेव्हा तीन हजारांची बाटली घेण्याआधी मुलीच्या शाळेत जाऊन स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का, ते पाहा. पालकसभेत फक्त गुणांबद्दल विचारू नका, हेही विचारा. केरळमधल्या काही शाळांत २०१९ पासून पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा वाजते. ती आपल्याकडेही वाजवायला पैसे पडत नाहीत. पण घंटेआधी कडी हवी.

घरात म्हाताऱ्या माणसांना तहान कमी लागते, म्हणून त्यांना मागायची वाट न पाहता भांडं पुढे करा. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसं आहे, गडद असेल तर कमी पडतं आहे, एवढी खूण पुरे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानंच प्यावं.

फडताळाच्या दाराला लावण्यासाठी

• पैसे भरण्याआधी व्हॉट्सॲपमधले मोठे व्हिडिओ काढा.
• क्लाउडची विकतची जागा घरात एकच, वाटून वापरा.
• दाखले डिजिलॉकरमध्ये, निवडक फोटो तीन ठिकाणी.
• नवरा-बायकोनी एकमेकांना खात्याचं वारस नेमावं.
• आधी पाण्याची तपासणी, मग यंत्र.
• घरात ओ.आर.एस.च्या दोन पुड्या आणि मेडिक्लोरची बाटली नेहमी हवी. मुदत संपल्याची तारीख पाहत जा.
• जूनच्या आधी दोन झाकणाचे कॅन घासून ठेवा. अतिवृष्टीचा इशारा आला की आधी पिण्याचं पाणी भरून उंचावर ठेवा.
• सकाळी मुलांच्या बाटल्या भरताना स्वतःचीही एक भरा, आणि रात्री ती रिकामी झाली की नाही ते बघा.

यातलं एकही काम अवघड नाही. पापडाची डाळ पारखणाऱ्या बाईला जी.बी. आणि टी.डी.एस. कळायला उशीर लागत नाही. विचारायचं मात्र आपणच, आणि पैसे देण्याआधी.